सोळा टीबी म्हटलं मी

सोम., ३ फेब्रु.
सर्व्हर पुन्हा भरला. पेशंट सीटीच्या टेबलावर झोपलेली, लालबागच्या आजी, थंडीने कुडकुडत, आणि इमेज सेव्ह होईनात. चौदा वर्षं ह्या स्कॅन सेंटरचे कॉम्प्युटर मी सांभाळते. रिसेप्शनवर बसून शिकले, कुणी शिकवलं नाही. डॉ.नी काय करायचं ते विचारलं मिशेलला. चार महिने झालेत तिला येऊन. अँटॉप हिलची, डिग्रीवाली. मी शेजारीच उभी होते.

मंगळ., ४
नवा सर्व्हर घ्यायचा. किती टीबीचा, म्हणजे किती टेराबाइट जागेचा, ते दोघींनी सांगायचं. मी म्हटलं सोळा.
"कशावरून, सुषमाताई?" डॉ.नी विचारलं.
अंदाजाने, म्हटलं. डॉ. हसले. मिशेलने कागद पुढे केला. आत्ताचे चार, वर्षाला एक, चार वर्षं धरून आठ. दोन मोकळे. दहा. डॉ. तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. माझा एक कागद असा धरलेला आठवत नाही.
अक्षरही सुंदर आहे मेलीचं.

बुध., ५
जुना रिपोर्ट शोधायला मागचं कपाट उघडलं. सीटीच्या डीव्हीडी, सहाशेच्या वर. पुढचा सर्व्हर आला की सगळ्या त्यावर चढवू, असं डॉ. मागे म्हणाले होते. आता तेच विसरले. मिशेलला माहीत असायचं कारणच नाही. घरी येऊन हिशोब मांडला. अडीच टीबी. तिचे दहा चार वर्षं पुरत नाहीत.
कुणाला बोलले नाही.

गुरु., ६
जेवताना मिशेलने तिच्या आईने केलेली सुक्या बोंबलाची चटणी वाढली. चांगली होती. तेही लागलं मनाला.
"ताई, माझं काही सुटलंय का? तुम्हाला इथलं सगळं ठाऊक."
बघते, म्हटलं.
भरू दे की सर्व्हर पुन्हा. मग डॉ.ना कळेल. पण तेव्हाही टेबलावर कुणीतरी झोपलेलं असणारच, आणि...

शुक्र., ७
दुपारी डॉ. ऑर्डरवर सही करणार होते. अकरा वाजता मिशेलला मागे नेलं, कपाट उघडून दाखवलं. ती खालीच बसली, डीव्हीडी मोजायला लागली. मीही बसले. तिचे दहा नि हे अडीच, साडेबारा टीबी निघाले.
मग विचारलं तिने, "हे कधी आठवलं तुम्हाला?"
आत्ता, म्हणता आलं असतं. तोंडात आलं होतं.
"परवा."
हातातली डीव्हीडी खाली ठेवली तिने. चटणी देताना हसली होती तसं हसेल असं वाटलं. नाही हसली. नवा कागद घेतला, साडेबारा लिहिलं, वर माझं नाव, खाली तिचं. तो घेऊन आत डॉ.कडे गेली. डॉ.ना परवाचं सांगितलं की नाही, माहीत नाही. काचेतून दिसत होतं, ती बोलत होती, डॉ. ऐकत होते.

शनि., ८
सही थांबवलीय. डॉ.नी निरोप ठेवलाय, सोमवारी दोघी एकत्र या.
मिशेल आज वेगळी जेवली.