होबार्टची टाचणी

४ ऑगस्ट
शाळेच्या कार्यालयाने यंदा लाल टाचण्या दिल्या नाहीत. हिरव्या दिल्या. आमचे पोर्ट लिंकन गाव सोडून बाहेर शिकायला गेलेल्या प्रत्येक मुलामागे माझ्या खोलीतल्या नकाशावर एक लाल टाचणी लागते. जितकी लांब, तितके आमचे करिअर मार्गदर्शन यशस्वी. परंपरा म्हणजे चेष्टा नव्हे. निषेधाचा ईमेल लिहिला. पाठवला नाही, कार्यालयातल्या बाई माझ्या मेहुण्याच्या शेजारी राहतात.

संकल्प: आमची मेरिनही यंदा बारावीत. तिला इतर विद्यार्थ्यांसारखेच वागवायचे. बापाला खोलीच्या दाराबाहेर ठेवायचे.

११ ऑगस्ट
बारावीपुढे वार्षिक व्याख्यान. पसंतीक्रमात मनातला कोर्स पहिला लिहा, सुरक्षित कोर्स खाली. वरचा मिळाला की खालचे आपोआप बाद. आणि घरच्यांच्या भीतीला नंबर देऊ नका. (हे शेवटचे उत्स्फूर्त.) बहुतेक पोरे फोनमध्ये. मेरिन मात्र लिहून घेत होती. बोललो प्रभावीच.

१३ ऑगस्ट
मेरिनला पार दक्षिणेला, होबार्टला जाऊन ध्रुवीय समुद्र शिकायचे आहेत. मी पूर्ण तटस्थ. समुद्र आपल्या दारातही आहे, एवढेच निदर्शनास आणले. म्हणाली, त्यात बर्फ नाही, डॅड. म्हटले, बर्फ ब्रेटमामाच्या टूना माशांच्या कारखान्यात टनांनी पडलाय. बायको, जोडी, म्हणाली, डेस, तू आपले बटाटे सोल.

२९ ऑगस्ट
मेरिनला कारखाना दाखवून आणला. निव्वळ माहितीसाठी. ब्रेटला आधी नीट पढवले होते. तर हा गृहस्थ तिला म्हणाला, मला कुणी विचारलं असतं ना पोरी, मी कधीच पळालो असतो. बायकोच्या भावावर विसंबू नये.

९ सप्टेंबर
होबार्टच्या थंडीचे आकडे फ्रिजवर लावले. संध्याकाळी खाली मेरिनचे अक्षर: जाड मोजे घेणे.

२१ सप्टेंबर, सकाळ
मेरिन शाळेत रीतसर वेळ घेऊन आली. समोरच्या खुर्चीत बसली, मला मिस्टर पॅस्को म्हणाली. मी शास्त्रशुद्ध सल्ला दिला: पहिल्या जागी गावातल्या कॉलेजचा मत्स्यशेती डिप्लोमा, दुसऱ्या जागी होबार्ट. म्हणाली, तुमच्या व्याख्यानाच्या चौथ्या स्लाइडवर उलटं आहे. म्हटले, ती स्लाइड जुनी झाली. म्हणाली, ऑगस्टमधली? मग पेन उघडून अगदी नम्रपणे विचारले, मिस्टर पॅस्को, घरच्यांच्या भीतीला कितवा नंबर देऊ?

पुढचा विद्यार्थी खोळंबला होता, म्हणून बैठक आटोपती घेतली. (पुढचा विद्यार्थी नव्हता.)

१६ जानेवारी
होबार्ट मिळाले. जोडीने पावलोव्हा केक केला. मी स्थितप्रज्ञ. दोनदा वाढून घेतला.

११ फेब्रुवारी
विमानतळावर जाताना मेरिनने गाडी शाळेकडे वळवायला लावली. टाचणी तिलाच लावायची होती. हिरवी. म्हटले, नियमाने लाल लागते. म्हणाली, असू दे रे डॅड, तुला लगेच सापडेल.

तिला सोडून पुन्हा खोलीत आलो. लाल टाचण्यांपैकी गावात परत कोण आले, ते आठवून पाहिले. एक दंतवैद्य आठवली. तीही पुढे पर्थला गेली.

मेरिन शिकेल. थंडीही सोसेल. ती परत येणार नाही, याची मला भीती वाटते.