दीड बारचा काटा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
गाडी ट्यून झाली. पुण्याच्या ट्यूनरनं लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात इंजिनाचं डोकंच बदललं. टर्बो आता इंजिनात दीड बारच्या दाबानं हवा कोंबणार. डॅशबोर्डवर हा दाब, म्हणजे बूस्ट, दाखवणारं गेज मी स्वतः बसवलं, त्याची बारीक नळी इंजिनापर्यंत स्वतः ओढली. कुरकुंभच्या कंपनीत अकरा वर्षं बॉयलर सांभाळतोय. प्रेशर मला कुणी शिकवू नये. रोज नोंद ठेवणार.

७ फेब्रुवारी
पहिली नोंद. (मध्ये पाळी बदलली.) न्हावरा ते दौंड, तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. काटा १.१ वर. दीड कुठंय? दुपारची गरम हवा, दुसरं काही नाही.

८ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
कडाक्याची थंडी. काटा १.०. थंड हवेत बूस्ट वाढतो असं व्हिडिओत सांगतात. आमच्या गावची, निमोण्याची थंडी वेगळी असावी.

११ फेब्रुवारी
०.९. ट्यूनरला फोन केला. तो म्हणाला, सर, लॅपटॉपवर तर बरोब्बर दीड दिसत होतं, एकदा तुमचं गेज तपासा. म्हणजे आपली चूक आमच्या गेजवर ढकलायची. फोन ठेवला.
वडिलांना, आबांना, शेजारी बसवून चाचणी घेतली. काट्यावर नजर ठेवा म्हणालो. आबा म्हणाले, "माऊली, तू म्होरं बघ. गाडी डिझेलवर चालती का काट्यावर?"

१३ फेब्रुवारी
दौंडला मेहमूदभाईंच्या गॅरेजवर. त्यांनी एक चक्कर मारली आणि विचारलं, "गाडी पळती न्हवं? मग कशाला हात लावताय?" जुन्या वळणाचा माणूस. बॉनेटही उघडलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
निर्णय घेतला. टर्बोचा बूस्ट ठरवणारी एक दांडी असते, तिचा नट आवळला की बूस्ट वाढतो. दोन फेरे आवळला. मग आणखी एक.
संध्याकाळी चाचणी. गाडी अशी उसळली की शेजारी बसलेल्या बायकोनं, अनितानं, हँडल धरलं. दोन सेकंदांनी पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जीव गेला. बंद करून चालू केली, ठीक. नवीन सेटिंगला सरावतेय.
काटा ०.९ वरच. हे मात्र कळेना.

२० फेब्रुवारी
चार दिवसांत सहा वेळा जीव गेला. सहाही वेळा परत आला. विश्वसनीयता शंभर टक्के.
सोमवारी अनिताची पुण्याला कागदपत्रं तपासणी. नर्सची सरकारी नोकरी, चार वर्षं अभ्यास केला बाईनं. सकाळी दहाला हजर, उशीर झाला तर नाव कटणार. तिची मैत्रीण सविता पहाटेच्या एसटीनं जाणार आहे. अनिताही तेच म्हणत होती. घरात दीड बारची गाडी असताना एसटी? मी नाही म्हणालो.

२४ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ८.२०
शिक्रापूरच्या अलीकडे. रस्त्याच्या कडेला बसून लिहितोय.
एका कंटेनरला ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला. पिवळा दिवा. वेग चाळीस. बंद, चालू. पुन्हा चाळीस. असं पाच वेळा. मी काट्याकडे बघत होतो, तो ०.८ दाखवत होता, आणि मला खरंच सुचेना काय करावं.
अनिता म्हणाली, "अहो, थांबवा. मी उतरते."
मी म्हणालो, एकदाच, शेवटचं बंद-चालू करतो.
"थांबवा म्हंते न्हवं."
फ्लॉवरची पोती भरलेला एक पिकअप थांबला. ड्रायव्हरच्या शेजारी एक म्हातारी होती, ती सरकली. अनिता फाईल छातीशी धरून बसली. जाताना म्हणाली, "डबा मागच्या सीटवर हाय, खावा." रागावली असती तर बरं झालं असतं.

दुपारी १२
फोन आला. दहाला दहा मिनिटं असताना पोचली. काम झालं. केसांत फ्लॉवरचा पाला होता म्हणे, कागद तपासणाऱ्या साहेबबाईंनीच काढला.

२६ फेब्रुवारी
मेहमूदभाईंनी बॉनेट उघडलं. माझी गेजची नळी बॉनेटच्या बिजागरीत चेंगरून चिरलेली, म्हणून काटा कमी दाखवत होता. त्यांनी स्वतःचं गेज लावलं. बूस्ट दोन बार. मी आवळल्यापासून इंजिन जास्तीची हवा बघून स्वतःला वाचवायला ताकदच कमी करत होतं. त्याआधी दीडच होता. पहिल्या दिवसापासून.
त्यांनी दांडी सैल केली, नळी बदलली आणि हात पुसत म्हणाले, "माऊली, बॉयलरला तरी असं करत न्हाई ना?"
मी म्हणालो, बॉयलर वेगळा विषय आहे.

७ एप्रिल, सोमवार
आज अनिता नोकरीवर रुजू झाली. मी रात्रपाळीवरून थेट घरी आलो, इस्त्रीचा शर्ट घातला, गाडी धुऊन दारात उभी केली. आता काटा दीडवर जातो, पिवळा दिवा नाही, काही नाही. म्हणालो, सोडतो.
ती म्हणाली, "नगं. सविता थांबलीया स्टँडवर. तुम्ही निजा जरा, पाळी करून आलाय." इतकं प्रेमानं म्हणाली, की वाद घालायला जागाच नव्हती. आबा पिशवी घेऊन तिच्यासोबत स्टँडपर्यंत गेले.
मी गाडीत बसलो. चालू केली. दहा मिनिटं तसाच बसलो. काटा शून्यावर.
उभ्या गाडीत बूस्ट येत नसतो. एवढं मला आता कुणी सांगायला नको.