थडग्यांवरची छपरं

बकहॉर्न धार,
ता. ६ एप्रिल १९३१

चि. सौ. ओरा हिस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला एक आजी आहे, हे आठवतं का? नसेल तर सांगते. ठेंगणी, बोळकी, तुला आंघोळ घालताना दोनदा चावा खाल्लेली. पत्र तुझी लेथामामी लिहितेय, मी नुसती बोलतेय. ती माझे वाईट शब्द गाळते, तेव्हा पत्र गोड वाटलं तर दोष तिचा.

मीठवाला सांगून गेला की तू शहरातल्या सैनिककन्या मंडळात शिरते आहेस. ज्यांचा पूर्वज स्वातंत्र्याच्या लढाईत इंग्रजांच्या राजाशी लढला त्याच बायका तिथे बसून चहा पितात म्हणे. आणि त्या सगळ्या मे महिन्यात, आपण थडग्यांवर फुलं घालतो त्या रविवारी, माझ्या आजोबांच्या, झॅकरियाच्या थडग्यावर दगड बसवायला धारेवर येणार.

बाई, आणू नकोस त्यांना. रस्ता वाहून गेला म्हण, मला देवी आल्या म्हण. कारण विचारू नकोस. प्रकृतीला जप आणि म्हातारीवर माया असू दे.

तुझी आजी आर्मिंडा

* * *

ता. १४ एप्रिल १९३१

ती. आजीस ओराचा शि. सा. न. वि. वि.

अगं, रागावतेस काय? मंडळ आपल्या जिल्ह्याचा इतिहास छापतंय आणि पहिल्याच प्रकरणात तुझ्या आजोबांचं पान येणार. तुला देवी आल्या म्हटलं तर क्लेटन डॉक्टर घेऊन धावत येईल. वकील नवरा केला की थापा पचत नाहीत.

एक मात्र तुला सांगायला हवं. अध्यक्षीण प्रुइटबाईंनी थडग्याची खूण विचारली. मी हौसेने सांगितलं, की आमच्याकडे प्रत्येक थडग्यावर लाकडाचं छोटं घर असतं, वर उतरतं छप्पर, आणि आईच्या थडग्यावरच्या घराच्या सावलीत बसून मी बाहुल्या खेळायचे. त्यांनी कप खाली ठेवला. मग फार गोड आवाजात विचारलं, की ही धार नेमकी कुठली, आणि झॅकरियाची बायको कुणाकडची. राजधानीतल्या जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीला पत्र घालून खात्री करून घेते म्हणाल्या. तेव्हापासून बाकीच्या बायका माझ्या शेजारची खुर्ची सोडून बसतात. मी काय चुकीचं बोलले?

बाळ आता पोटात लाथा मारतं. उत्तर लवकर धाड, जीव थाऱ्यावर नाही.

तुझी ओरा

* * *

ता. १९ एप्रिल १९३१

चि. ओरा हिस आशीर्वाद.

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. लेथा तुझ्या हातात देईल. वाच आणि चुलीत घाल.

शहरातल्या कुठल्या थडग्यावर तू घर पाहिलंस, पोरी? ती फक्त आपण बांधतो, या धारेवरचे. त्या बाईला एका वाक्यात सगळं कळलं. तुला कळलं नाही, कारण आम्ही कळू दिलं नाही.

झॅकरिया अक्रोडाच्या सालीच्या रंगाचा होता. राजाशी लढताना त्याला कुणी रंग विचारला नाही, लढाई संपल्यावर विचारला. नदीपलीकडच्या जिल्ह्यात त्याला काळ्यांत धरलं, म्हणून तो बायकापोरं घेऊन इथे चढला आणि विचारील त्याला पोर्तुगीज म्हणून सांगू लागला. पुढे आम्ही गोऱ्यांत खपलो. कुणी खोलात गेलं नाही, कारण ही धार चढायला दम लागतो.

सात वर्षांपूर्वीचा कायदा क्लेटनला विचार. रक्तात काळ्यांचा थेंब जरी निघाला तरी गोऱ्याशी झालेलं तुझं लग्न हे लग्नच नाही, आणि तुरुंग दोघांना. बाळाच्या जन्माच्या दाखल्यावर काय लिहितील ते तूच समज. पलीकडच्या खोऱ्यात आपल्यातल्याच लूडीची मुलं गोऱ्यांच्या शाळेत भर वर्गातून उठवून घरी पाठवली.

म्हणून काल लेथाने नि मी छपरं उतरवली. फळ्या खुराड्याला लावल्या. राजाशी लढलेल्या शिपायाच्या घरात आता कोंबड्या अंडी घालतात. तुझ्या आईचं घर शेवटी काढलं. नेलीला भिजायचा भारी तिटकारा. लेथा रडत होती, मी खिळे वेचत होते. (लेथा म्हणते, मीही रडत होते. लिहू दे तिला काय लिहायचं ते.)

कुणी विचारलं तर घरांचं तुला चुकीचं आठवलं असं सांग. घाबरू नकोस असं म्हणणार होते, पण मीच घाबरलेय.

आजी

* * *

ता. २ मे १९३१

ती. आजीस सा. न.

हेही लेथामामीच्याच हाती देते. परवा प्रुइटबाईंनी मला न विचारता गाडीत घातलं आणि थेट धारेवर आणलं. तुझ्या दारापर्यंत मी त्यांना येऊ दिलं नाही.

आजी, छपरं गेली, पण त्यांच्याखाली वर्षानुवर्षं पाऊस पडला नव्हता. सगळीकडे गुडघाभर गवत, आणि एकेका थडग्यावर घराच्या मापाची कोरडी, उघडी माती. बाईंनी छत्रीच्या टोकाने ती उकरली आणि इथे गवत का नाही विचारलं. मी म्हटलं, गाई खातात. त्यावर त्या हसल्या, म्हणाल्या की तुमच्या गाई फार शिस्तीने चरतात बाई. उतरताना सांगितलं, की तुमचं पान तूर्त थांबवलंय, राजधानीचं उत्तर येऊ दे.

क्लेटनला मी सारं सांगितलं. त्याने ताट तसंच बाजूला सारलं. मला आधीपासून माहीत होतं का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्याने माळ्यावरून ट्रंक काढली. ओहायोत असा कायदा नाही, तिथे त्याचा मित्र आहे. उत्तर यायच्या आत आम्ही निघतो. दार वाजलं की मी आधी पडद्याआडून बघते. तुला न भेटता जाते, क्षमा कर.

तुझीच ओरा

* * *

ता. ४ मे १९३१

चि. ओरा आणि चि. क्लेटन यांस आजीचे आशीर्वाद.

जा. मागे बघू नका. क्लेटनला मी तोंडावर नंदीबैल म्हणाले होते, तेवढा शब्द परत घेते.

प्रुइटबाईला जे बघायचं ते तिने बघितलं, मग नेलीने का भिजावं? तिचं छप्पर आज पुन्हा चढवलं. कोंबड्या रुसल्यात. इतिहासात झॅकरियाचं पान नसलं तर नसू दे, लढायला जाताना तो मंडळाला विचारून गेला नव्हता. लेथाच्या पोरांच्या शाळेची मात्र धास्ती आहे. दुपार झाली की वाटेवर डोळे लावून बसते, पोरं वेळेआधी येताना दिसू नयेत अशी प्रार्थना करत.

तिथे पोचल्यावर पत्र लिहू नकोस. टपालकचेरीतली बाई पाकिटं वाफेवर उघडते, आणि मला तरी कुठे वाचता येतं. ओहायोत मेपलच्या झाडाचा पाक चांगला मिळतो म्हणतात. सुखरूप पोचलात की एक बाटली पाठव, बाळ झालं की दुसरी. आत चिठ्ठी नको, वर नाव नको. ती पत्रं माझी मला वाचता येतील. बूच मेणाने घट्ट बंद कर, आणि पाक काळपट असेल तोच घे, फिका मला आवडत नाही.