गळ्याचा तुकडा

२ नोव्हें., रवि.
बंटीकडे, पुनावळे. तिसरा मजला, अख्खी बिल्डिंग त्याच्या बापाची. माझी नेहमीची खुर्ची, शोकेसकडे पाठ करून. शोकेसमध्ये बापाने बैलगाडा शर्यतीत मिळवलेल्या ढाली. माझ्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे स्टीलचं ताट, ताटात वीस बाजूंचा फासा. दोन वर्षं या खेळाची मीच सूत्रधार. राजा मी, राक्षस मी, वादळ मी. बंटी आणि रोहिणी आपापलं पात्र घेऊन खेळणार, जगायचं की मरायचं ते मी सांगणार.

आज एक नवीन आणलाय बंटीने. श्रीकांत. परभणीकडचा, चाकणला कुठल्याशा कंपनीत मेंटेनन्सला. आम्ही वाचतो त्या कादंबरीमालेच्या सातव्या भागाच्या ग्रुपवर ओळख झाली म्हणे. शर्टाचं वरचं बटण लावतो. पात्र काय घेणार विचारलं तर म्हणाला, वैदू. तलवार नको, ढाल नको. मी म्हटलं, "अरे, राक्षस जुलाबाने नाही मरत." सगळे हसले. तोही हसला, आणि सगळ्यांत जास्त हसला. मला ते आवडलं नाही.

५ नोव्हें.
दिवसभर नापास पार्टना लाल टॅग. आमच्या लाइनवर मी आले की ऑपरेटर मान खाली घालतात. क्वालिटीत हीच तर मजा आहे.
ग्रुपवर बातमी: सातव्या भागाची तारीख ठरली. लेखिकाबाई दीड वर्षं लिहीत होत्या, कितीदा पुढे ढकललं. डिसेंबरात नक्की. ठरलं की पुस्तक हातात येईल त्या रविवारी सगळ्यांनी झगे घालून बंटीकडे जमायचं आणि पहिलं प्रकरण मोठ्याने वाचायचं. वाचणार मी. सहाव्या वेळीही मीच वाचलं होतं. सूत्रधाराचा मान.

श्रीकांतने विचारलं, झगा म्हणजे काय? रोहिणीने त्याला सगळं सांगितलं. प्रत्येकाचा आपल्या पात्राचा झगा असतो. पात्र मेलं की झगा आपल्या हाताने कापायचा आणि प्रत्येकाला एक तुकडा द्यायचा. बाकीचे तो आपल्या झग्याला आतून शिवून घेतात. नियम माझा. रोहिणीचं पहिलं पात्र मेलं तेव्हा तिने सोलापुरी चादरीचा झगा कापला होता, तो तुकडा बंटीच्या झग्यात आहे. माझा तुकडा बिस्किटाच्या डब्यात. सूत्रधाराला झगा नसतो.

९ नोव्हें., रवि.
काय बोलतो तो माणूस! एका जखमी सैनिकाला औषध दिलं. सैनिक मी असाच टाकला होता, नाव पण नव्हतं त्याला. तर हा त्याला विचारतो, गाव कोणतं, घरी कोण कोण असतं. मला नाव काढावं लागलं, गाव काढावं लागलं, शेवटी म्हातारी आई काढावी लागली. रोहिणीच्या डोळ्यांत पाणी. माझ्या गोष्टीत, माझ्या सैनिकासाठी, आणि श्रेय त्याला!
चहाच्या वेळी तिघं एका बाजूला, मी आडोशामागे. खारी संपली होती.

१३ नोव्हें.
झगा आला. त्याच्या आईने शिवून एस.टी.ने पाठवला. आई गावाला ब्लाउज शिवते, हल्ली डोळ्यांना कमी दिसतं, सुई ओवायला शेजारची पोरगी लागते. ग्रुपवर फोटो. हिरवा, मागे टोपी, टोपी एवढी मोठी की आत दोन वैदू मावतील. मी लिहिलं, "गॅस सिलिंडरचं कव्हर छान आहे." बंटीने हसरा चेहरा टाकला आणि मग काढून टाकला. काढलेलं मला दिसलंच.
श्रीकांतचं उत्तर: "आईला नाटक हाय म्हणून सांगितलंय. कंपनीचं. खेळ म्हणलं असतं तर पत्ते वाटले असते तिला."

१६ नोव्हें., रवि.
झगा घालून आला. खरं सांगायचं तर गळा सुरेख होता. कडक अस्तर, पितळी हूक, बारीक टाके. बाकी सगळं वेडंवाकडं, पण गळा अगदी मापात. हूक लावला की सगळं वजन खांद्यांवर बसतं. रोहिणी सारखी हात लावून बघत होती, मला दाखवत होती. मी म्हटलं, "आत चुरगळलंय." चुरगळलं नव्हतं.

खेळ झाल्यावर जिन्यात बंटी म्हणाला, "मुग्धा, एखाद्या रविवारी श्रीकांतला तुझ्या खुर्चीवरनं खेळवू दे की. तुला बी जरा आराम."
आराम! मी काय वीटभट्टीवर आहे?
म्हटलं, बघू.
घरी येईपर्यंत भुमकर चौकात सगळ्यांना शिव्या घातल्या. एक रिक्षावाला मला "ताई, शांत व्हा" म्हणाला.

१९ नोव्हें.
झोप नाही धड. दोन वर्षं प्रत्येक शनिवार त्यांच्यासाठी नकाशे काढण्यात घालवले. कितीदा तर बंटीचं पात्र मेलेलं असायचं, मी आडोशामागे आकडा बदलून जगवलंय. रोहिणीचंही. त्यांना काय माहीत. फुकटचं जगतायत आणि वर आराम कर म्हणतात.
जगवायला आकडा बदलता येतो तसा मारायलाही येतो.

२३ नोव्हें., रवि.
मारला.

पूल होता, खाली दरी. बंटीचं पात्र बेशुद्ध, वैदू त्याला पाठीवर घेऊन चाललाय. पलीकडून पहारेकऱ्याचा बाण. पंधरा किंवा वर पडलं तर वैदूच्या वर्मी लागणार. फासा टाकला. ताटात खणखणला, फिरला, थांबला. चार.
मी म्हटलं, "एकोणीस."

कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. बंटी माझ्या डोक्यावरून बापाच्या ढालींकडे बघत बसला. रोहिणीने मान खाली घातली. श्रीकांत माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं." एवढंच.

मग मी कात्री पुढे केली. रोहिणी म्हणाली, "या वेळी राहू दे ना गं. त्याच्या आईने शिवलाय."
"तुझी चादर कापली तेव्हा मी ऐकलं होतं का? नियम सगळ्यांना सारखा."
रोहिणीला गप्प करणं सोपं आहे, शाळेपासून.

त्याने उभ्यानेच झगा काढला, जमिनीवर पसरला, हाताने सारखा केला. आधी गळा कापला, अस्तरासकट, हुकासकट. तो मला दिला. मग टोपी रोहिणीला आणि पाठ बंटीला. पुढचे दोन पट्टे घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकले. कात्री कुठेच वाकडी गेली नाही. जाईल म्हणून मी बघत होते, हेही लिहून ठेवते.
छान झोप लागली.

२६ नोव्हें.
त्याला मेसेज केला: "नवीन पात्र तयार ठेव. या वेळी जरा लढणारं घे." वाचला.
गळा बिस्किटाच्या डब्यात ठेवला. झाकण लागत नाही, हूक आडवा येतो.

३० नोव्हें., रवि.
खेळ रद्द. बंटी म्हणतो पाहुणे आलेत. रोहिणी म्हणते डोकं दुखतंय. श्रीकांत काहीच म्हणत नाही. संध्याकाळी दूध आणायला गेले तर रोहिणीच्या बाल्कनीत उजेड, शिलाई मशिनचा आवाज. डोकं दुखणारी बाई मशिन चालवते का?

३ डिसें.
रोहिणीचा फोन. पुस्तक पुढच्या आठवड्यात येतंय, वाचन १४ ला. आणि श्रीकांतची आई येतेय परभणीहून. वाचनालाच नाटक समजून, ते बघायला. त्याने नको नको म्हटलं, ती ऐकत नाही. मुलाला झगा घातलेला बघायचाय तिला, पुढच्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन आहे, त्याच्या आधी.
"मी सगळे तुकडे जोडलेत मुग्धा. टोपी, पाठ, पट्टे. गळा तेवढा दे. गळ्याशिवाय तो अंगावर राहतच नाही, घसरतो."
मी म्हटलं, मेलेल्या पात्राचा झगा परत शिवायचा नियम नाही. त्याला हवा असेल तर त्याने मागावा.
"तो नाही मागणार."
"मग झालं तर."
मग ती म्हणाली, "चार पडला होता."

फोन कानालाच होता. मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक "काय?" असंच काहीतरी.
"शोकेसला मागे आरसा आहे अगं. ढालींच्या मागे. तुझं ताट दिसतं त्यात, पहिल्या दिवसापासून दिसतं. तू आम्हाला वाचवायचीस ना, ते पण दिसायचं. तू गेलीस की मी आणि बंटी बोलायचो, आज मुग्धाने परत वाचवलं. म्हणून कधी सांगितलं नाही. तुला वाईट वाटलं असतं."

दोन वर्षं!

४ डिसें.
आज लाइनवर एक पार्ट बरोबर होता आणि मी टॅग लावला. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, परत एकदा बघा ना." बघितला. टॅग काढला नाही.

म्हणजे त्या दिवशी तिघांनी चार बघितला. तिघंही बसून राहिले. त्याने चार बघून कात्री हातात घेतली. एक जण तरी बोलला असता! बोलला असता तर मी म्हटलं असतं, सॉरी, चुकून. हसून वेळ मारून नेली असती. त्यांनी मला ते करू दिलं. माझ्यापेक्षा ते दुष्ट आहेत. नाहीत, मला माहीत आहे नाहीत. पण राग येतोच.

७ डिसें., रवि.
बंटीचा व्हॉइस मेसेज. दोनदा ऐकला. "मुग्धा, आमी तुझ्यावर रागावल्यालो न्हाई. व्हय, पण खुर्ची आता श्रीकांतला दिलीया. वाचून बी तोच दाखवील. तू ये मात्र. तुझ्याबिगर कसं तरी वाटतंय राव."
कसं तरी वाटतंय. मग द्यायची कशाला खुर्ची!

८ डिसें.
शेवटी श्रीकांतचा मेसेज. जसाच्या तसा उतरवते:
"गळा राहू दे तुझ्याकडंच. नियम तुझाच हाय. वाचन झालं की नवा खेळ सुरू करायलोय, तुला पात्र लागंल आणि पात्राला झगा. तुकडा एक आहेच तुझ्याकडं, तिथून सुरू कर. माझ्या समोर बस. आरसा तुलाबी दिसंल."

हे माफ करणं आहे की कापणं? दहा वेळा वाचलं. माझं असतं तर कापणं असतं. त्याचं कळत नाही. तेच तर आवडत नाही मला त्याच्यातलं.

११ डिसें.
पुस्तक आलं. पाकीट फोडलं नाही. आधीचे सगळे भाग मी एका दिवसात संपवून, कोण मरतं ते रोहिणीला सांगून टाकायचे. ती कानांवर हात घ्यायची, मी हात ओढून सांगायचे. आज वाचावंसं वाटेना. फोडलं तर टेबलाशी बसून वाचायला कोणी नाही हे खरं होईल.
झग्याचा गळा घालून हूक लावून बघितला. मला होतो. जरा घट्ट.

१४ डिसें., रवि.
बंटीच्या पार्किंगमध्ये आहे. गाडीवर बसून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.

ठरवून आले होते. वर जायचं, गळा टेबलावर टाकायचा, एक टोमणा मारायचा आणि निघायचं. टोमणा तयार होता, चांगला होता. लिफ्टचं बटण दाबलं तर पाठीमागून एक बाई आल्या. नऊवारी, जाड चष्मा, हातात किराणावाल्याची छोटी पुडी. बटणावरचा आकडा दिसेना त्यांना. "बाई, तीन दाबा की."
दाबला.
"तुमी बी नाटकातल्या का?"
मी हो म्हटलं. का म्हटलं देव जाणे.
"माझं पोरगं हाय त्याच्यात. झगा मीच शिवलाय. पर गळा हरवला म्हणायलेत पोरं. मी म्हणलं, हरवू दे, लागतंय काय त्याला." पुडी उघडून दाखवली. सेफ्टी पिना. "चार घेतल्या. दोन टिकतील, दोन मोडतील."
गळा माझ्या पर्समध्ये. हूक कडेने बाहेर आलेला. त्यांना दिसला नाही, त्यांना काहीच नीट दिसत नाही. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघितलं त्यांनी.
"तुमचं काय काम हाय नाटकात?"
मी म्हटलं, "अजून ठरायचंय."
"मग ठरवा की लवकर. वेळ झालीय म्हणायलेत."

तिसरा मजला आला. दार उघडलं. आतून बंटीचं हसणं, रोहिणीचा आवाज, तो सगळा ओळखीचा गोंधळ. बाई उतरल्या, हाताने दार धरून उभ्या राहिल्या. "येताय ना?"
"तुम्ही व्हा पुढे, आलेच."
दार लागलं आणि मी खाली आले.

टोमणा पाठ आहे अजून. कुणाला मारू?

आत्ता रोहिणीचा मेसेज आला: "काकू म्हणतायत लिफ्टमध्ये नाटकातली एक मुलगी भेटली, ती येईपर्यंत सुरू करायचं नाही. श्रीकांत पुस्तक घेऊन बसलाय, काकू त्याला पान उलटू देत नाहीयेत. तू खाली आहेस का?"

"सुरू करा" असं टाइप केलंय. अजून पाठवलं नाही.