दोन इंच कमी

४ मार्च
रिपोर्ट आले. मॅच! धाकट्या भावाला माझीच किडनी चालणार. त्याच्या बायकोचं रक्त जुळलं नाही, आमची ताई वयात बाद झाली. उरलो मी. शाळेपासून कुठल्याच यादीत मी पहिला नव्हतो. या यादीत एकटाच आहे, पण पहिला तो पहिलाच.

एक बारीकशी अट आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी तब्येत जागेवर आणा. कमरेचा घेर, बी.पी., उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल, या पाचांतली तीन बिघडली की त्याला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात. माझी चार बिघडली आहेत. पाचपैकी चार! गणितात एवढे मार्क कधी पडले नव्हते.

जूनमध्ये पुन्हा तपासणी. तोवर धाकटा मशीनवर. आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त बाहेर काढतात, धुतात आणि परत आत घालतात. तो म्हणाला, दादा, जिवाला त्रास करून घेऊ नकोस, जमेल तसं कर. मी म्हणालो, अरे, नवऱ्या मुलाचा सूट तीन दिवसांत शिवून देणारा माणूस मी. मला तीन महिने कशाला लागतात?

५ मार्च
साखर बंद. हिने बिनसाखरेचा चहा दिला. प्यायलो. दिवसाची सुरुवात अशी होणार असेल तर माणसाने उठावं कशाला?
दुकानात कारागिराने चहा मागवला. त्यात साखर होती. पण तो मी मागवलेला नव्हता, म्हणून धरत नाही.

६ मार्च
हॉस्पिटलवाल्यांनी माझी कंबर चव्वेचाळीस लिहिली आहे. टेप बेंबीवरून नेली. बेंबीवरून! कंबर पॅंट बसते तिथे मोजतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझी पॅंट पोटाच्या खाली, आपल्या जागी व्यवस्थित बसते. त्यांची टेपही ताणलेली दिसली.
ठरवलं, दर शुक्रवारी दुकानात आपल्या टेपने माप घ्यायचं. स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही, वाकलं की टेप सरकते. म्हणून काम कारागिराकडे. वीस वर्षं माझ्या हाताखाली तयार झालाय.
आजच एक पोटवाले गृहस्थ आले होते. आमच्या दुकानाची रीत अशी, की पोटवाल्याचं माप मोठ्याने सांगताना दोन इंच कमी सांगायचं. लिहिणारा आपसूक दोन वाढवून लिहितो. गिऱ्हाईक खूश, पॅंट बरोबर. गृहस्थ एवढे खुलले की दोन पॅंटी सांगून गेले. धंदा असा मायेने करावा लागतो.

८ मार्च, शुक्रवार
कारागिराने माप घेतलं. बेचाळीस! चार दिवसांत दोन इंच उतरलो. हिला फोन केला. ती म्हणाली, अहो, तुम्हाला आजार झालाय की टेपला?
बायकांना उत्साह बघवत नाही.

१३ मार्च
चालण्याचे बूट आणले. महागाचे. दुकानात दिवसभर घालून बसलो. पायांना सवय व्हायला हवी.

१४ मार्च, सकाळी
चालायला निघालो. कोपऱ्यावर बूट चावला. परत.

१९ मार्च
चालण्याचा प्रश्न सुटला. मुलीने फोनमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली. फोन मोज्यात खोचला आणि पायमशीनवर दोन गाद्यांच्या खोळी शिवल्या. संध्याकाळी फोनने टाळ्या वाजवून अभिनंदन केलं. धाकट्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, दादा, तू ग्रेट आहेस.

२९ मार्च, शुक्रवार
एकेचाळीस. कारागीर टेप गुंडाळत म्हणाला, मालक, चेहराही उतरलाय. फार बरं वाटलं. त्याला आणि मला पेस्ट्री मागवली. मी उभ्याने खाल्ली. उभ्याने खाल्लेलं अंगाला लागत नाही.

९ एप्रिल
धाकट्याकडे गेलो होतो. हाताची नस दोरखंडासारखी फुगली आहे. सुया तिथेच टोचतात. दिवसभरात पाणी किती प्यायचं तेही मोजून. मी सरबताचा ग्लास घेऊन त्याच्यासमोर बसलो होतो. तो ग्लासाकडे बघत होता. मी पटकन संपवून टाकलं, म्हणजे त्याला त्रास नको.
निघताना म्हणाला, दादा, तुझ्या जिवावर आहे सगळं. मी म्हणालो, काळजी सोड.
रस्त्यातच ठरवलं. आजपासून रात्रीचं जेवण बंद.

९ एप्रिल, नंतर
रिकाम्या पोटी बी.पी.ची गोळी घेऊ नये म्हणतात. म्हणून थोडं जेवलो. तळलेले बटाटे होते.

१९ एप्रिल, शुक्रवार
चाळीस!! आणि पुरावा फक्त टेपचा नाही. इस्त्रीला दुकानात ठेवलेली पॅंट आज चढवली, तर चक्क सैल. मध्यंतरी बटण लावताना श्वास धरावा लागायचा. कापड खोटं बोलत नाही. दोन बोटं आत घालून हिला दाखवली. तिने पॅंट उलटी करून शिवण बघितली आणि काही बोलली नाही. हरली की ती गप्प बसते.

२ मे
ही म्हणते, एकदा साखर तपासून घ्या, मध्येच कळलेलं बरं. कशाला? परीक्षेच्या आधी पेपर फोडण्यातला प्रकार. शिवाय सुई टोचतात.
साखर सोडल्यापासून मध घेतोय. चार चमचे. मध नैसर्गिक आहे.

११ मे
फार तहान लागते. उन्हाळा. थंड पेयांच्या बाटल्या दुकानात आणून ठेवल्या. रात्रीही उठावं लागतं. शरीर आतून स्वच्छ होतंय.

१७ मे, शुक्रवार
एकोणचाळीस. लग्नात होती तेवढी कंबर. आता बी.पी.ची गोळी कशाला? ती जाड माणसांसाठी. बंद केली.
भावजयीचा फोन आला होता. मशीनवर असताना धाकटा बेशुद्ध झाला. आता शुद्धीवर आहे. रडत रडत विचारत होती, भावोजी, जूनचं नक्की ना? मी म्हणालो, अगं, लिहून घे.

२ जून
उद्या तपासणी. नवी पॅंट घालणार. कारागिराने खास शिवली आहे, एकोणचाळीस. घालून पाहिली, मस्त ऐसपैस. शांत आहे. पॅंटला तीनदा इस्त्री केली, पण आनंदाने.

३ जून
शेहेचाळीस.
नर्सला म्हणालो, पुन्हा मोजा. पुन्हा शेहेचाळीस. म्हणालो, पॅंटच्या जागी मोजा. तिने तिथेही मोजलं. पंचेचाळीस. बी.पी. बघून दुसरी नर्स बोलावली. साखर एवढी, की डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, हा डायबिटीसच आहे आणि आजचा नाही. आता तुम्ही दाता नाही, पेशंट आहात. दोन्ही किडन्या तुम्हालाच लागतील, त्या तरी सांभाळा.
मी विचारलं, अजून तीन महिने? त्यांनी मान हलवली. नाही अशी.
बाहेर आलो. खोटं कशाला लिहू, पायऱ्या उतरताना पहिल्यांदा वाटलं, चला, पोट फाडणार नाहीत. मग खालच्या पायरीवर भावजय उभी दिसली.

४ जून
कारागिराला फैलावर घेतलं. तो पाटावर बसून होता, उठून उभा राहिला. म्हणाला, मालक, रीत तुमचीच. पोटवाल्याला दोन कमी सांगायचं. मला वाटलं, तुम्ही मनात वाढवून घेताय. पुढे तुमचा चेहरा एवढा फुलायचा, की अजून कमी सांगावंसं वाटायला लागलं.
विचारलं, आणि पॅंट? म्हणाला, मी दर गुरुवारी उसवून सैल करत होतो. बसल्यावर तुम्हाला दम लागायचा, मला बघवेना. नव्या पॅंटीचं मापही मी मनाने वाढवलं होतं.
त्याला कामावरून काढून टाकलं. संध्याकाळी परत बोलावलं. दुसरा येणार कुठून?
ही सगळं ऐकत होती. तिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, शिवण बघितली तेव्हाच कळलं. मग बोलली का नाहीस? म्हणाली, अहो, मार्चपासून दुसरं काय करतेय मी?

१९ जून
धाकट्याचं नाव हॉस्पिटलच्या मोठ्या यादीत घातलं. कुणी अनोळखी मेलं आणि जुळलं तर. पुढे बरीच नावं आहेत. काही वर्षं, म्हणाले. बेशुद्ध झाल्यापासून त्याचं हृदय कमजोर झालंय. तेवढी वर्षं आहेत का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२६ जून
धाकट्याबरोबर मशीनला गेलो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, त्यानेच निरोप पाठवला होता, दादा, सोबत ये ना, कंटाळा येतो.
चार तास त्याच्या खाटेशी स्टुलावर बसलो. अंगाचा पार सांगाडा झालाय. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांना तो माझी ओळख करून देत होता. हा माझा मोठा भाऊ. माझ्यासाठी याने साखर सोडली, रोज चालायचा, रात्रीचं जेवणसुद्धा टाकलं. तरी शरीराने साथ दिली नाही, त्याला तो तरी काय करणार? म्हातारे म्हणाले, असा भाऊ नशिबाने मिळतो. मी मान हलवली. हो अशी.
मग नर्स सगळ्यांना बिस्किटं वाटत आली. धाकट्याला जाईना. पुडा माझ्या हातात देऊन म्हणाला, दादा, आता कसलं पथ्य? खूप केलंस, खा.
खाल्ली.