बावीस देशांचा माईक

१२ सप्टेंबर, सकाळ

पास हातात आला. याची खरी किंमत लिहून ठेवतो, मागाहून विसरायला होतं. पोलीस ठाण्यात दोन चकरा. फोटो तीनदा काढला. एकात डोळे मिटलेले, दुसऱ्यात कान दिसत नाहीत म्हणून परत. अर्धा दिवस मी सज्जन आहे हे एका हवालदाराला पटवण्यात. आणि आमच्या मोहल्ल्याचा, बुढापाऱ्याचा गणपती. सायकलच्या कॅरिअरवर एकच भोंगा बांधून नेत होतो तेव्हापासून, एकतीस वर्षं, तिथला माईक माझा. यंदा स्थापना आणि परिषदेचा समारोप एकाच दिवशी.

पण बावीस देशांचे मंत्री नव्या रायपुरात येऊन जगाच्या पाण्यावर बोलणार, आणि बोलणार माझ्या वायरीतून. पासवर नावाखाली 'साउंड' छापलं आहे.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ

मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत आले. यंदा जमत नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, काहून रे श्यामकांत, बाप्पाले नाही म्हणून राहिला का तू? मी म्हटलं, बाप्पा दरवर्षी येतो, बावीस देश एकदाच येतात. अर्धा चहा ठेवून उठले. दारातून म्हणाले, बरं मग, भैय्यालालले सांगतो, पण पुढच्या वर्षीही तोच राहीन, हे पाहून घे.

पाहून घेतलं. भैय्यालालचा सेट म्हणजे डब्यात खडे. माझ्या माईकशिवाय त्या गल्लीत आरती उठायची नाही. विजया म्हणाली, तुम्ही माईक लावता, आरती आम्ही म्हणतो. बायकोला तांत्रिक बाजू कळत नाही.

१४ सप्टेंबर

जागा पाहायला गेलो. किळस आली. पाण्याची परिषद, आणि रस्ता टँकरने धुऊन राहिले. पुरानी बस्तीत बहिणीकडे नळ एक दिवसाआड. वाटेतल्या झोपड्यांपुढे उंच कापड ताणलंय, त्यावर धबधब्याचं चित्र. मी पाहत असतानाच एक बाई त्या धबधब्याखालून वाकून बाहेर आली, हातात रिकामी बादली. टँकरवाल्याला म्हणाली, भैया, थोडा इधर भी. तो म्हणाला, दीदी, ये पानी रोड का है.

संकल्प: या लोकांत मिसळायचं नाही. काम करायचं, तोंड बंद.

१५ सप्टेंबर

दिल्लीच्या इव्हेंट कंपनीच्या शर्मिष्ठा मॅडम भेटल्या. मुलीच्या वयाची बाई, कानात सदा वायर. म्हणाल्या, अंकल, मेन हॉल का सिस्टम तो बिल्ट-इन है, आप बाहर स्वागत कक्ष देखिए, वहाँ पंथी नृत्य है.

विचार केला तर हेच बरं. हॉलमध्ये तर सगळे पेंगतात. पाहुण्याच्या कानावर पहिला आवाज पडतो तो स्वागत कक्षात. रायपूरचा पहिला आवाज माझा.

अभिनव म्हणाला, पापा, आप तो बैकअप हो गए. मुलगा मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो, आणि दोन्हीत मान ठेवत नाही.

१७ सप्टेंबर

रंगीत तालीम. माझ्या कानांबद्दल इथे लिहायला हरकत नाही, कारण हे कोणी वाचणार नाही: भिंतीपलीकडून नुसतं ऐकून सांगतो सेट कोणाचा, स्पीकर किती, कुठे टांगलेत. एकतीस वर्षांत चुकलो नाही.

आज या कानांनी नको ते ऐकलं. दोन मोठे साहेब खांबामागे हळू बोलत होते. मला वाटलं, नद्यांबद्दल असेल. वाद हा की ग्रुप फोटोत कोणाचा मंत्री कारंज्याच्या जवळ उभा राहणार. पाऊण तास. मग दोघांनी मिळून एसीला शिव्या दिल्या.

टेबलामागे गठ्ठे होते, वायर ओढताना पाय लागला. बावीस देशांचा संयुक्त ठराव. छापून, रबर लावून तयार, खाली १९ सप्टेंबर. चर्चा उद्या सुरू व्हायची आहे. आमच्या मंडळात प्रसादाला बुंदी की पेढा हेसुद्धा आधी भांडून ठरतं. प्रत्येक खुर्चीपुढे प्लास्टिकच्या तीन बाटल्या. एक प्यायला, दोन कशाला, कोणी सांगेना.

थुंकावंसं वाटलं. गालिचा नवा होता.

१८ सप्टेंबर, दुपार

आधी नियम सांगतो. कुठलंही काम असो, सेट सुरू करण्यापूर्वी अँप्लिफायरला हळदकुंकू आणि एक अगरबत्ती. पहिल्या भोंग्यापासूनचा रिवाज. मॅडमना विचारलं नाही, कारण नाही म्हणाल्या असत्या. मिक्सरच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशी, एकच लावली. मोगरा.

छतात लाल दिवा लागला. मग सायरन. (आवाज उत्तम. कुठेही फाटत नव्हता.) दोन मिनिटांत सगळे मंत्री बाहेर, कालच अंथरलेल्या हिरवळीवर. खाली चिखल होता. एका देशाचा बूट तिथेच राहिला, दोन कमांडो ओढत होते.

खरं पाहिलं तर सकाळपासून बावीस देश एकमताने हलले ते एवढ्या एकाच वेळी, आणि ते माझ्यामुळे. याची नोंद ठरावात होणार नाही.

मॅडम रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. नुसतं म्हणाल्या, अंकल, ये मंदिर नहीं है. मी म्हटलं, दिसून राहिलं.

१८ सप्टेंबर, संध्याकाळ

नवी जबाबदारी: पार्किंग. परिषदेचं बाहेरचं सगळं दळणवळण आता माझ्याकडे. गाड्यांचे नंबर पुकारायचे.

विजयाला फोनवर सांगितलं, काम वाढवलंय. ती म्हणाली, उद्या साडेबाराला स्थापना आहे, दत्तोपंत विचारत होते. काय विचारत होते? येतो का म्हणून. म्हटलं, सांग, देश सोडत नाहीत.

१९ सप्टेंबर, सकाळी ११

नंबर पुकारले. एकही ड्रायव्हर उठला नाही. सगळ्यांना मोबाईलवर मेसेज येतो. तरी मी नेमाने दोनदा पुकारत राहिलो, नाशिकच्या ढोलाला साजेल असा आवाज लावून. आतून निरोप आला की भोंगा समारोपाच्या भाषणात ऐकू येतो आहे, बंद करा.

मॅडमनी पास परत घेतला, कापडी पिशवी दिली. 'पाणी वाचवा' असं लिहिलंय. आत प्लास्टिकची बाटली. म्हणाल्या, अंकल, आप घर जाइए, आज तो गणेश चतुर्थी है ना. दिल्लीच्या पोरीला आठवण होती.

छोट्या हत्तीत सेट चढवला. साडेबारापर्यंत पोचता येईल. दत्तोपंतांपुढे जायचं नाही असं ठरवलंय. फक्त लांबून ऐकायचं, भैय्यालालची फजिती.

१९ सप्टेंबर, दुपारी पाऊण

मंडपापासून थोड्या अंतरावर, बुढा तालाबच्या काठावर गाडी उभी करून लिहितो आहे. आरती आत्ताच संपली. इंजिन बंद करून सबंध ऐकली.

प्रामाणिकपणे लिहितो. शिट्टी नाही, खरखर नाही, एक शब्द फाटत नाही. टाळ वेगळे, बायकांचा आवाज वेगळा, दत्तोपंतांचा बेसूर वेगळा. एकतीस वर्षांत मला हे जमलं नाही. भैय्यालालने नवा सेट घेतलाय, बाहेरचा असावा. स्पीकर दोन, एक पिंपळावर, एक मंडपाच्या डाव्या खांबाला. ट्रेबल किंचित जास्त. बाकी नाव ठेवायला जागा नाही.

पुढच्या वर्षी ते मला बोलावणार नाहीत. बरोबर आहे. मीही भैय्यालाललाच बोलावलं असतं.

संकल्प: उद्या त्याच्याकडे जाऊन कंपनी विचारायची. लाज सोडून.

१९ सप्टेंबर, ३ वाजता

घरी. पंखा बंद. विजया प्रसाद घेऊन आली, आवाज बसलेला. विचारलं, भैय्यालालचा सेट कोणता? ती म्हणाली, कोणता सेट?

सगळ्या बुढापाऱ्यात सकाळी नऊपासून लाईट नाही. भैय्यालाल दहालाच सामान घेऊन परत गेला. माईक लागलाच नव्हता.