कबरस्तानातली शेवटची प्लेट

नांदेड, निजामी फसली सालातला बहमन महिना, शुक्रवार, संध्याकाळ

आज नदीकाठच्या जुन्या कबरस्तानाचे फोटो काढले. उतरतं ऊन तिरपं पडलं की दगडावरची कोरीव अक्षरं उठून दिसतात, म्हणून मुद्दाम चारला गेलो. राखणदार रहीमचाचा नेमका मी हेरलेल्या कबरीपाशी बसलेला. सकाळीच त्यानं शेजारी आपली लेक पुरली होती. हे ठाऊक असूनही मी म्हणालो, "चाचा, सरका. सावली पडून राहिली."

तो सरकला. मग ताज्या मातीवरची फुलं कॅमेऱ्याच्या काचेत दिसली. तीही काढायला लावली. त्यानं एकेक फूल उचलून रुमालात घेतलं. एवढं काय अडलं होतं माझं त्या फुलांनी?

नंतर तो हळूच म्हणाला, "साहेब, तिचा फोटो कधी काढलाच न्हाई. ह्या मातीचा तरी एक काढा."

"प्लेटा संपल्या," मी म्हणालो.

फोटोची एक कोरी प्लेट शिल्लक होती. ती मला कबरस्तानाच्या दाराच्या कमानीसाठी हवी होती, अन् ऊन चाललं होतं. त्याच्यादेखतच कमानीचा फोटो घेतला. फुलांचा रुमाल छातीशी धरून तो बघत राहिला.

निघताना त्यानं माझी कॅमेऱ्याची जड तिपाई टांग्यापर्यंत वाहून आणली. मी आणू दिली.